शरभाचे वरचे पाय

"आज किती?"

यशू शाळेतून आली, दप्तर टाकलं, बूट काढले की मी हे विचारते. ती जराशी थांबते. स्वतःच्या आत एक चक्कर मारून आल्यासारखी दिसते आणि मग सांगते. "आठ." किंवा "साडेसात." एकदा "नऊ" म्हणाली होती, त्या दिवशी मी शेवयांची खीर केली. सासूबाईंनी विचारलं, आज काय आहे बाप्पा? मी म्हटलं, काही नाही, दूध जास्त झालं.

हे आकडे दहापैकी असतात. दहा म्हणजे कुठेच दुखत नाही. माझ्या मुलीला सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांमध्ये अडकतात, मग हाडं दुखतात. थंडी लागली, पाणी कमी पडलं, जास्त धावली की दुखतात, आणि यातलं काहीच झालं नाही तरी दुखतात. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आहे. मला या पेशीची आकृती काढून, नावं देऊन दाखवता येते. दुखण्यावर तिचा काही उपयोग होत नाही.

राजदीप आणि मी, दोघंही वाहक. आमच्यात लग्नाआधी पत्रिका बघत नाहीत, माझ्या वडिलांना याचा केवढा अभिमान. रक्त बघायचं असतं हे मात्र कोणी बोललं नाही. यशू दीड वर्षाची असताना तिचे हातपाय सुजले, तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांचंही रक्त तपासलं आणि कागदावर चार चौकोन काढले. चारातून एक. "डब्यात चार चिठ्ठ्या आहेत आणि त्यातली एक अशी आहे, असं समजा," ते म्हणाले. समजावून सांगायची त्यांची पद्धत चांगली होती. मला तो डबा तेव्हापासून दिसतो.

पूर्वी यशू आकडे सांगायची नाही. दुखणं लपवायची. "काही नाही मम्मी," म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. दवाखान्यात विचारलं की दहापैकी किती दुखतं बाळ, तर ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची आणि मग उत्तर द्यायची. ते उत्तर माझ्या तोंडावरून काढलेलं असायचं. हे मला कळत होतं आणि तरी तोंड सरळ ठेवणं जमत नव्हतं.

आकडे आले ते विक्कीच्या खेळातून.

विक्की माझा धाकटा दीर. पुण्यात शिकायला होता, तिथल्या हॉस्टेलवर हा खेळ शिकला. आता दारव्ह्याला परत येऊन एका सोयाबीनच्या अडतीवर कॉम्प्युटर बघतो आणि रविवारी दुपारी आमच्या समोरच्या खोलीत सतरंजीवर खेळ मांडतो. मांडतो म्हणजे मांडण्यासारखं त्यात फार काही नाही. एकजण गोष्ट सांगतो, त्याला मास्तर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. मास्तर म्हणतो, समोर नदी आहे, काय करता? मग ज्याने त्याने सांगायचं, मी उडी मारतो, मी झाड तोडतो. ते जमलं की नाही हे आकड्यावर ठरतं. प्रत्येकाला ठरावीक जीव असतो. मार बसला की कमी होतो, आराम केला की थोडा भरतो. संपला की तो माणूस मेला. मेलेला परत येत नाही, हा विक्कीचा नियम.

खेळायला तारिक येतो. त्याचं बसस्टँडमागे गॅरेज आहे आणि विक्कीचा तो पहिलीपासूनचा दोस्त. गोष्टीत तो 'उस्ताद' असतो, साखळी फिरवणारा पहिलवान. आणि यशू. चौथीतली पोर, थंडीत मैदानावर जायचं नाही म्हणून घरी बसलेली, या दोन बाप्यांबरोबर पहिल्याच रविवारी बसली ती उठलीच नाही. गोष्टीत ती 'काजवी' आहे. अंधारात दिसणारी, अंगाने बारीक, जीव कमी, पण चपळ.

काजवी आल्यावर महिन्याभरात एकदा यशू शाळेतून आली आणि आपणहून म्हणाली, "मम्मी, आज मह्ये सहाच उरले."

मी पहिल्यांदा माझ्या मुलीचं दुखणं ऐकलं. त्याआधी फक्त पाहत होते.

मागच्या महिन्यात थंडीची लाट आली आणि तिला यवतमाळला भरती करावं लागलं. जीपमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती म्हणाली, "तीन." वॉर्डात गेल्यावर "दोन." सलाईनसाठी शीर सापडत नव्हती. नर्सबाई हात चोळत होत्या, यशू छताकडे बघत होती. मग अगदी व्यवहारी आवाजात त्यांना म्हणाली, "सिस्टर, काजवीचे अकरा आहेत. मह्ये दोन. तिच्यातले थोडे मले देऊन द्या ना." नर्सबाईंना वाटलं काजवी बहीण आहे. त्या म्हणाल्या, "हो, देते हं," आणि सुई बसली.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. घरी आल्यावर सगळे ते वाक्य विसरले. खरं तर ऐकलंच मी एकटीने होतं.

म्हणून त्या रविवारी सकाळी फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली अडकवलेलं नवीन राक्षसाचं कार्ड मी वाचलं तेव्हा दूध उतू गेलं.

राक्षसाचं नाव शरभ. विक्कीने तो कुठल्याशा किल्ल्याच्या दरवाज्यावर कोरलेला पाहिला होता. अंग सिंहाचं, पंख, आणि पाय आठ. चार खाली, चार पाठीवर, आभाळाकडे केलेले. डोळेही वरच्या बाजूला. विक्कीचं अक्षर सुरेख आहे. मी ते कार्ड रक्ताचा रिपोर्ट वाचतात तसं वाचलं, आधी उजवीकडचे आकडे आणि मग नावं. जीव चाळीस. कातडी एवढी जाड की पंधरा किंवा वरचा आकडा काढला तरच वार लागणार. प्रत्येक पाळीला दोन पंजे. एका पंज्याचे सहा. गर्जनेने माणूस जागच्या जागी थिजतो. आणि सगळ्यात खाली, अधोरेखित: शरभाला पाडता येतं, पण पाडून उपयोग नाही. उलटा पडला की तो पाठीवरच्या चार पायांवर उभा राहतो आणि अर्धा जीव भरून घेतो.

ती ओळ मी दोनदा वाचली. हे जनावर माझ्या ओळखीचं होतं.

विक्की मागच्या अंगणात आरसा टांगून दाढी करत होता.

"भाऊजी, हा जरा जास्तच नाही का?"

"कोण?"

"हा. आठ पायांचा."

"वहिनी, मी त्याले आधीच कमी केला. मूळचा शरभ हत्ती उचलून नेते."

"काजवीचे अकराच आहेत."

"मालूम आहे."

"दोन पंजे बसले की बारा होतात."

"काजवी चपळ आहे वो. सोळाच्या खालचा आकडा तिले लागतच नाई. शरभाले सोळा, सतरा, अठरा, एकोणीस नाई तं वीस काढा लागन."

विसातून पाच. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि तिथेच उभी राहिले. चारातून एक.

"आणि लागले तर?"

तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला, अर्ध्या गालावर फेस. "लागले तं लागले. नरम केला तं तो शरभ नाई राहत, बकरी होते. अन बकरीशी लढाले यशी बसन का? तिले एका मिनिटात समजते."

"तिच्यासाठी नुसता खेळ नाही तो."

"म्हणूनच म्हणतो," विक्की म्हणाला आणि वस्तरा पुन्हा गालाला लावला.

आकडे काढायची आमची रीत अशी. विक्कीकडे पुण्याहून आणलेला वीस बाजूंचा फासा होता, तो मोरीत गेला. नवीन मागवू म्हणता म्हणता त्यांनी महिला मंडळाच्या हौजीचे दोन जुने संच घेतले, त्यातल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या वेगळ्या केल्या आणि दोन स्टीलच्या डब्यांत भरल्या. एक डबा राक्षसाचा, एक आपला. न बघता हात घालायचा, सोंगटी काढायची, सगळ्यांना दाखवून परत टाकायची. डबे माझ्याच स्वयंपाकघरातले. एकावर माझ्या लग्नात मामाने कोरून दिलेलं माझं नाव आहे, दुसरा सासूबाईंचा, त्यावर 'स. डो. भ.' एवढंच, सत्यभामा डोमाजी भगत.

दिवाळीपासून ते एका कोळशाच्या अजगराशी लढत होते आणि अजगराचा डबा 'स. डो. भ.' होता. मी दर रविवारी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असे. मला पक्कं माहीत होतं.

दुपारी विक्की अंघोळीला गेला, सासूबाई शेजारी गेल्या होत्या, यशू झोपलेली. मी फळीवरून सासूबाईंचा डबा काढला. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस. पाचही सोंगट्या गाऊनच्या खिशात टाकल्या आणि वर रुमाल कोंबला, आवाज होऊ नये म्हणून. बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं. त्या चार चौकोनांसमोर बसले होते तेव्हा डब्यात हात घालायची सोय नव्हती. इथे होती.

उन्हं दारातून सतरंजीपर्यंत आली तेव्हा खेळ सुरू झाला. यशूने स्वेटरवर राजदीपची शाल गुंडाळली होती. राजदीप राजूरच्या बाजूला खाणीत कामाला आहे, पंधरवड्याने येतो. गोष्टीतही काजवी आणि उस्ताद राजूरच्या एका बंद पडलेल्या खाणीत निघाले होते, आत अडकलेल्या माणसांना उजेड द्यायला. खाणीच्या तोंडाशी शरभ बसला होता. सासूबाई दिवाणावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांना खेळ कळत नाही, पण तारिकच्या बोलण्याला हसायला त्या येऊन बसतात.

"अबे मास्तर, याले पाय किती म्हणतलं?" तारिक म्हणाला.

"आठ. चार पाठीवर."

"पाठीवर कायले? चपला वाळू घालाले?"

सासूबाई हसल्या. "तुह्या गॅरेजात आणजो त्याले. चार चाकं वर, चार खाली."

"आणतो काकू. पण ऑइल कुठून बदलू याचं?"

मी कणकेच्या हातांनी दारात उभी होते. माझ्या हातालाही हसू आल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात यशू म्हणाली, "मास्तर, डबे बदला."

विक्कीने सासूबाईंचा डबा उचलला आणि यशूच्या गुडघ्यापाशी ठेवला. माझ्या नावाचा स्वतःकडे ओढला.

"बदलता कशाला?" मी विचारलं. आवाज बरा निघाला असावा, कारण कोणी वळून पाहिलं नाही.

"नवीन राक्षस आला की डबे बदलतात," यशू म्हणाली. "नाई तं एका डब्याचं नशीब एकालेच लागून जाते. मीच केला हा नियम, पयल्याच दिवशी. तू तं दर रविवारी पाहते ना मम्मी?"

मी तर पाहण्याशिवाय दुसरं काही करत नाही.

तारिकने पहिली सोंगटी काढली. अकरा. साखळी शरभाच्या कातडीवरून घसरली. यशूने काढली. चार. विक्कीने माझ्या नावाच्या डब्यात हात घातला, सतरा काढली आणि उस्तादला एक पंजा बसला. पुन्हा तारिक, नऊ. पुन्हा यशू, तेरा. मी परातीसमोर बसले, पण हात चालेना. त्यांच्या डब्यात आता पंधरा हा एकच आकडा असा होता की जो त्या कातडीला लागला असता. पंधरा सोंगट्यांतली एक.

ती तारिकला लागली. उस्तादने साखळी पायात अडकवून शरभाला उलटा पाडला. तारिकने मांडीवर थाप मारली. विक्की शांतपणे म्हणाला, "शरभ उलटा पडला. आता पाठीवरचे पाय जमिनीला टेकले. तो उभा राहून राह्यला."

"अन जीव?"

"भरला."

"हे काय बेइमानी आहे बे?"

"कार्डावर लिहून आहे."

"असतात असे," यशू म्हणाली. तिने ते तारिकला समजावल्यासारखं म्हटलं. "पाडले की उभे राहतात. मास्तर, काजवी त्याच्या पोटावर चढते. आता पोट वर असन ना?"

डोकं चांगलं चालतं तिचं. तिने खरंच चांगली जागा शोधली होती. मग डब्यात हात घातला आणि बारा काढली. पुढच्या पाळीला चौदा. त्याच्या पुढे सहा. मधल्या एका पाळीत शरभाची सोळा आली आणि काजवीचे अकराचे पाच झाले.

यशूने डब्याला झाकण लावलं, कानाशी नेला आणि हलवला. "हलका वाजते."

"थंडीनं अकडल्या असतील सोंगट्या," तारिक म्हणाला.

"नाई. हलकाच वाजते." पण तिने डबा खाली ठेवला. खेळ थांबवायचा तर काहीतरी हाती लागायला हवं, आणि आपल्या घरात कोणी असं करेल हे तिच्या डोक्यातच येत नव्हतं.

मी चहा टाकला. चहा घेऊन गेले की खाली वाकायचं, तिच्या डब्याचं झाकण उघडंच असतं, मूठ सोडायची. कप खाली ठेवताना आवाज होतोच, त्यात पाच सोंगट्यांचा आवाज मिसळला असता. मी ते जवळजवळ केलंच होतं. ट्रे सतरंजीवर ठेवला, गुडघ्यावर बसले, एक हात खिशात घातला. रुमालाखाली पाचही सोंगट्या बोटांना लागल्या.

तेवढ्यात यशू माझ्याकडे वळली. कोणी विचारलं नव्हतं.

"मम्मी, डाव्या पायात थोडं दुखणं आलं. सात." मग परत पुढे बघून, "मास्तर, मही पाळी."

मी हात खिशातून काढला आणि पाचही सोंगट्या चहाच्या ट्रेमध्ये ठेवल्या. एक कपाच्या बशीला लागून फिरली आणि आडवी झाली.

तारिकने वाकून पाहिलं. "एकोणीस," तो म्हणाला.

"वहिनी," विक्की म्हणाला.

सासूबाईंच्या हातातली शेंग अर्धी राहिली. "काय झालं वो?"

यशूने सोंगट्या एकेक करून उचलल्या आणि आपल्या तळहातावर ओळीने लावल्या, सोळा ते वीस. "ह्या कोणत्या डब्यातल्या?"

"तुझ्या. मला वाटलं हा शरभाचा आहे."

तिने विचार केला. माझं बी.एस्सी. तिला नक्की मिळालं आहे, कारण ती नेमक्या जागी पोचली. "म्हंजे शरभ मले मारूच शकला नसता."

"हो."

"कितीबी पाळ्या झाल्या तरी."

"हो."

"मंग मी कायले लढत होती?"

मी म्हटलं, "तू सिस्टरला म्हणाली होतीस ना, काजवीचे थोडे मला द्या. मग काजवीच गेली तर..."

ती लाल झाली. तारिक आणि विक्कीसमोर मी हे बोलायला नको होतं, हे बोलल्यावर कळलं. "ते गंमत होती," ती म्हणाली. शालीचं टोक ओढलं. "थोडीशी गंमत."

कोणी चहा उचलला नाही.

"मी तुले सांगते ते आकडे खरे असतात," यशू म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "दवाखान्यात दोन म्हटलं तं दोनच होते. तुझं तोंड तसं झालं होतं तरी मी दोनच सांगतलं. चार बी सांगता आलं असतं मले."

"माहीत आहे."

"आता मी बी असंच करू? मनानं टाकू चार-दोन, तुले बरं वाटावं म्हणून?"

"यशे," सासूबाई म्हणाल्या.

"मी विचारून राह्यली आजी. भांडून नाई राह्यली."

विक्की खाकरला. "असं करू. लढाई पयलेपासून घेऊ. काजवीचे अकरा. सोंगट्या टाका डब्यात."

"बरोबर आहे," तारिक लगेच म्हणाला. "ओव्हर कॅन्सल."

"नाई." यशूने पाचही सोंगट्या डब्यात टाकल्या, एकेक, प्रत्येकीचा आवाज होऊ देत. "लागलं ते लागलं. काजवीचे पाच. मही पाळी होती." मग माझ्याकडे न बघता, "मम्मी, तू आत नको जाऊ. इथंच बस."

मी सतरंजीवर बसले. दारातून इतके महिने बघितलेला खेळ जवळून वेगळाच दिसत होता. विक्कीच्या कार्डावर पेन्सिलच्या खुणा होत्या, खोडून परत केलेल्या. माझ्या आधी तोही बहुतेक बराच वेळ त्या आकड्यांशी झगडला होता.

यशूने एकोणीस काढली. काजवीने आपला सगळा उजेड शरभाच्या पोटावर फेकला आणि विक्कीने मान डोलावत शरभाचा जीव खोडला. तरी निम्म्याहून जास्त उरला. तारिकने आठ काढली आणि डब्यालाच शिवी द्यायला गेला, सासूबाईंकडे बघून थांबला. मग शरभाची पाळी. विक्कीने माझ्या नावाच्या डब्यात हात घातला. त्याने छताकडे बघितलं, हे मी सांगू शकते. बोटं आत फिरवली नाहीत. जी लागली ती काढली.

अठरा.

त्याने सोंगटी सतरंजीच्या मधोमध ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. नियम तसा आहे.

"पंजा लागला," तो म्हणाला. मास्तरचा आवाज काढायचा प्रयत्न त्याने केला नाही. "पाचातून सहा गेले."

यशू सोंगटीकडे बघत राहिली. माझा हात उचलला गेला होता, तो मी गुडघ्यावर परत ठेवला.

"उस्ताद काय करते?" विक्कीने विचारलं.

"उस्ताद तिले उचलते अन पळते," तारिक म्हणाला. "लढत नाई बाप्पा आता."

"आत नको ठेवजो," यशू म्हणाली. "बाहेर ठेव. उजेडात."

"उजेडात ठेवतो."

ती उठली, शाल सावरत सासूबाईंजवळ दिवाणावर जाऊन बसली आणि शेंगा सोलायला लागली. रडली की नाही मला दिसलं नाही, कारण तिची पाठ होती. मी उठू लागले तर सासूबाईंनी नुसत्या डोळ्यांनी सांगितलं, बस. तारिकने गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि कपाच्या तळाकडे बघत म्हणाला, "वहिनी, साखर बरोबर आहे." मग तो आणि विक्की बाहेर गेले. बराच वेळ त्यांची मोटरसायकल सुरू झाली नाही, बाहेर नुसतेच उभे असावेत.

दिवेलागणीला मी पाण्याची बाटली भरली. थंडीत ती पाणी प्यायला कंटाळते, म्हणून कोमट करून देते. ती पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. मी पायाला गरम पिशवी लावली आणि विचारावं की नाही असा विचार करत थांबले. आजवर तो प्रश्न मी कधी तोलून विचारला नव्हता.

"आता किती?"

तिने बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, उघडलं.

"तू सांग आधी," ती म्हणाली. "तुझे किती?"

"माझं काय, मी ठीक..." आणि मी थांबले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, दवाखान्यात बघायची तशी. मी पहिल्यांदा तिच्यासारखं स्वतःच्या आत बघितलं. सकाळचं उतू गेलेलं दूध, खिशातल्या सोंगट्या, ते चार चौकोन, थंडीची पुढची लाट. मोजायला मला वेळ लागला. सवय नव्हती.

"चार," मी म्हटलं.

"खरं?"

"खरं."

तिने ते पटतं का बघितलं, आणि पटलं असावं. "मह्ये सात होते. आता साडेसहा. घोट्यात बी आलं." तिने गरम पिशवी स्वतःच्या हाताने खाली सरकवली. मग म्हणाली, "काजवी तं गेली. आता कमी पडले तं उसने कोणाजवळून घेऊ?"

"माझ्याकडून घे."

"तुझे चारच तं आहेत," यशू म्हणाली. "चारात काय होते."

तिने बाटली तोंडाला लावली, अर्धी संपवली, आणि उरलेली माझ्यापुढे धरली.

"पी तू बी," ती म्हणाली. "सकाळपासून पेली नाई. मी पाहून राह्यली."